नागपूरहून जर्मनीत विज्ञानाच्या एम.एस्सी.साठी जाताना : अर्जापासून प्रबंधापर्यंत

विज्ञान शाखेचा पदवीधर परदेशी शिकायला जायचे म्हणतो, तेव्हा घरातली पहिली चौकशी विद्यापीठाच्या नावाची आणि दुसरी खर्चाची असते. दोन्ही चौकश्या रास्तच आहेत. मात्र विज्ञानाच्या विद्यार्थ्याची तिथली दोन वर्षे कशी जातील, हे तो कोणत्या प्रयोगशाळेत, कोणाच्या हाताखाली आणि किती तयारीने काम करतो यावर बरेचसे अवलंबून असते. जर्मनीतील एम.एस्सी. साधारणपणे चार सत्रांची आणि १२० क्रेडिटची असते. त्यांपैकी शेवटच्या सत्राची ३० क्रेडिट बहुतेक ठिकाणी एकट्या प्रबंधासाठी राखलेली असतात. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते, म्हणजे प्रबंधाला साडेसातशे ते नऊशे तास द्यावे लागतात. हे तास चांगल्या ठिकाणी जावेत, हे लक्ष्य डोळ्यांसमोर ठेवूनच पहिल्या दिवसापासूनची पावले उचलावीत, असे माझे मत आहे आणि पुढील मांडणी त्याच मताने केली आहे.

आधी आपली पदवी तपासा

जर्मन बॅचलर पदवी बहुधा तीन वर्षांची आणि १८० क्रेडिटची असते, त्यामुळे आपली बी.एस्सी. तीन वर्षांची आहे एवढ्याच कारणाने दार बंद होत नाही. खरी अडचण वेगळ्या ठिकाणी आहे आणि नागपूरच्या विद्यार्थ्याने ती सर्वांत आधी समजून घ्यायला हवी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या जुन्या रचनेत बी.एस्सी.चा विद्यार्थी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र असे तीन विषय शेवटच्या सत्रापर्यंत सारख्याच वजनाने शिकतो. जर्मनीतील भौतिकशास्त्राचा पदवीधर मात्र तीन वर्षे प्रामुख्याने भौतिकशास्त्र आणि त्याला लागणारे गणितच शिकलेला असतो. तेथील प्रवेश समिती गुणपत्रिकेवरील टक्क्यांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, विषयांचे तपशील पाहते : क्वांटम यांत्रिकी किती शिकवली, सांख्यिकीय भौतिकी होती का, प्रात्यक्षिकांचे तास किती होते. तीन विषयांत विभागलेली पदवी या तपासणीत कमी पडू शकते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नागपुरातच एका विषयात एम.एस्सी. करून मग दुसऱ्या एम.एस्सी.साठी किंवा थेट पीएच.डी.साठी जाणे. यात दोन वर्षे जातात, पण पाया पक्का होतो. दुसरा मार्ग म्हणजे पदार्थविज्ञान (मटेरियल्स सायन्स), पर्यावरणविज्ञान, जैवरसायनशास्त्र, नॅनोविज्ञान अशा सीमेवरच्या अभ्यासक्रमांकडे वळणे, कारण तिथे दोन-तीन विषयांची पार्श्वभूमी उपयोगी पडते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय निवडून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची स्थिती काहीशी बरी आहे. तरी त्यांनीही मुख्य विषयाची क्रेडिट मोजून पाहावीत. कोणताही मार्ग धरला तरी प्रत्येक सत्राचा विद्यापीठाने छापलेला अभ्यासक्रम जपून ठेवावा, कारण कोणत्या विषयात काय शिकवले याचा तपशील अनेक विद्यापीठे अर्जासोबत मागतात.

गुणांचे रूपांतर घरीच करून पाहता येते. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण असतो आणि ४.० हा उत्तीर्णतेचा शेवटचा. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, येणाऱ्या संख्येला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागावे, त्याला ३ ने गुणावे आणि १ मिळवावा. शंभरपैकी ४० ला उत्तीर्ण धरणाऱ्या परीक्षेत ७० टक्के मिळाले असतील, तर ३० भागिले ६० म्हणजे अर्धा, त्याची तिप्पट दीड आणि एक मिळवून २.५ होतात. अनेक अभ्यासक्रमांची किमान अट २.५ च्या आसपास असते, हे ध्यानात घेतले की आपण कुठे उभे आहोत ते कळते.

गुण काठावर असतील तर प्रत्यक्ष कामाचा अनुभव अर्जाला वजन देतो, आणि या बाबतीत नागपूरचा विद्यार्थी सुदैवी आहे. १९५८ साली स्थापन झालेली नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, याच शहरात आहे. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आणि ॲल्युमिनियमवर काम करणारे जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्रही इथेच आहेत. यांपैकी एखाद्या ठिकाणी काही महिने प्रकल्प करावा, तो प्रामाणिकपणे पूर्ण करावा आणि तिथल्या शास्त्रज्ञाकडून शिफारसपत्र घ्यावे. तुमचे काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीचे पत्र हे केवळ पदामुळे मोठ्या असलेल्या व्यक्तीच्या औपचारिक पत्रापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. पाण्यातील प्रदूषकांवर नीरीत काम केलेला विद्यार्थी लाइपझिगच्या हेल्महोल्ट्झ पर्यावरण संशोधन केंद्रातील एखाद्या गटाला पत्र लिहितो, तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असते.

दीड वर्ष आधीपासूनची कागदपत्रे

हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. अर्जाची सर्वसाधारण शेवटची तारीख १५ जुलै असली, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अनेक इंग्रजी अभ्यासक्रमांची मुदत त्याच्या कितीतरी आधी, कधी मार्चमध्ये तर कधी मे अखेरीस संपते. म्हणून ऑक्टोबरपासून मागे मोजत यावे आणि आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात कामाला लागावे.

पहिले काम पासपोर्टवरील नावाचे. दहावीपासूनच्या आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते. काही कागदांवर आईचे नावही असते आणि इंग्रजी स्पेलिंग तर दर कागदावर बदललेले आढळते. पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र आणि भाषेच्या परीक्षेचा निकाल या तिन्हींवर एकच नाव, एकाच स्पेलिंगने असावे. तफावत असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्यावी, कारण पुढे प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न विचारला जातो.

दुसरे काम एपीएस प्रमाणपत्राचे. भारतीय विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करणारी ही यंत्रणा दिल्लीतील जर्मन दूतावासाशी संलग्न आहे आणि नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र अनिवार्य झाले आहे. त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. पडताळणीला लागणारा वेळ गर्दीनुसार बदलतो, त्यामुळे शेवटच्या निकालाची वाट पाहत स्वस्थ बसू नये. हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या सर्व गुणपत्रिका, पुनर्परीक्षा दिली असल्यास तिचीही, आणि तात्पुरते पदवी प्रमाणपत्र एका फाइलीत क्रमाने लावून ठेवावे. दीक्षान्त समारंभानंतर मिळणारे मूळ प्रमाणपत्र कधी हाती येईल, याची चौकशी विद्यापीठात स्वतः जाऊन करावी.

काही विद्यापीठे स्वतःच्या संकेतस्थळावर अर्ज घेतात, तर काही उनी-असिस्ट या सामायिक यंत्रणेमार्फत. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो पडतात. अभ्यासक्रम शोधण्यासाठी डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची नोंदसूची सर्वांत विश्वासार्ह आहे आणि ती विनामूल्य आहे, म्हणून एजंटाला पैसे मोजण्यापूर्वी ती स्वतः नीट चाळावी.

व्हिसासाठी महाराष्ट्रातील रहिवाशांना मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात अर्ज करावा लागतो. प्रवेशपत्र हाती येईपर्यंत बाकीची सर्व कागदपत्रे तयार असली, तर हा टप्पा तुलनेने सरळ जातो.

पैशाची बाजू

बहुतेक सरकारी जर्मन विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, परंतु हा नियम सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले आहे. त्याशिवाय दर सत्राची वर्गणी सगळीकडेच असते. तिच्यात बहुधा सार्वजनिक वाहतुकीचे तिकीटही येते.

राहण्याजेवण्याच्या खर्चाची हमी म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराची रक्कम आधीच ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. यातली गोम अशी की पहिला हप्ता हाती यायला काही आठवडे लागू शकतात आणि नेमक्या त्याच आठवड्यांत खोलीची अनामत, पहिले भाडे, अंथरूण-पांघरूण आणि भांडी असे सगळे खर्च एकदम अंगावर येतात. घराची अनामत मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येते. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डवर वेगळा ठेवावा.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत राज्य शासनाची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन योजनांच्या अटी दरवर्षी जाहिरात निघताच वाचाव्यात. १८९२ साली सुरू झालेला जे. एन. टाटा एन्डाउमेंट निधी कर्जरूपाने साहाय्य करतो.

तिथे शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. विद्यापीठातल्याच प्रयोगशाळेत सहायक म्हणून केलेले काम या मर्यादेत धरले जात नाही. माझा आग्रह असा की पहिल्या सत्रात कोणतीही नोकरी धरू नये आणि नंतर धरायची असेल तर ही सहायकाचीच मिळते का ते पाहावे. उपाहारगृहात किंवा गोदामात मिळणारे पैसे कधी थोडे अधिक असतील, पण प्रयोगशाळेत उपकरणांवर हात बसतो, गटाची ओळख होते आणि प्रबंधाची जागा बहुधा याच ओळखीतून मिळते.

सामान बांधताना

लेक निघाली की आई डबे भरायला घेते. पण युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाने मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास बंदी आहे, त्यामुळे घरचे तूप आणि खव्याची मिठाई नेऊ नये. ताजी फळे आणि पालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, म्हणून संत्री आणि कढीपत्ता घरीच राहू द्यावा. कोरडे मसाले, सावजीचा मसाला, चटणी आणि पापड नेता येतात. डाळ, तांदूळ आणि कणीक तिथल्या आशियाई दुकानांत मिळतात. नागपुरात मिळणारा जाड कोट तिथल्या जानेवारीला पुरत नाही. तो तिथेच विकत घ्यावा आणि त्या वजनाऐवजी लहान प्रेशर कुकर आणि चष्म्याचा दुसरा जोड न्यावा. नियमित औषधे असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत असावी.

पहिले काही आठवडे

खोलीचा शोध प्रवेशपत्र मिळाल्याच्या दिवशीच सुरू करावा. विद्यार्थी कल्याण संस्थेच्या, म्हणजे श्टुडिरेन्डनवेर्कच्या, वसतिगृहात तत्काळ अर्ज करावा, कारण मोठ्या शहरांत तिथली प्रतीक्षायादी लांब असते. खोली पाहण्याआधी आणि करार हाती येण्याआधी अनामत मागणाऱ्या माणसाला एक पैसाही पाठवू नये.

खोली मिळाली की पुढची कामे साखळीने येतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचे लेखी पत्र लागते. नोंदणीचा दाखला बँकेपासून निवास परवान्यापर्यंत जवळपास प्रत्येक पुढच्या कामात विचारला जातो. आरोग्य विमा विद्यापीठातील प्रवेशासाठीच आवश्यक असतो. तिशीच्या आतील विद्यार्थ्याला सार्वजनिक विम्याचा सवलतीचा दर मिळतो आणि तो महिन्याला १४० ते १५० युरोंच्या घरात जातो. भारतातून स्वस्त खासगी विमा घेऊन जाण्याचा मोह टाळावा, कारण एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत त्यात परतणे फार कठीण होते.

या सर्व कार्यालयांची उत्तरे अजूनही मोठ्या प्रमाणावर टपालाने येतात. पत्रपेटीवर तुमचे आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि त्यात बँकेचे कार्ड किंवा निवास परवान्याच्या भेटीची तारीख असू शकते. चावी हाती आली की पत्रपेटीवर नाव लावणे हे पहिल्या दिवसाचेच काम आहे.

प्रयोगशाळेतील नवी शिस्त

आपल्याकडे महाविद्यालयातील प्रात्यक्षिक बहुधा गटाने होते, निरीक्षणे आधी कच्च्या वहीत जातात, मग जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवली जातात आणि विभागप्रमुखांची सही होते. जर्मन प्रयोगशाळेत ती कच्ची वहीच खरा दस्तऐवज असतो. पाने क्रमांकित असलेल्या बांधीव वहीत शाईने, तारखेसह, काम चालू असतानाच लिहायचे. चूक झाली तर एक रेघ ओढून बाजूला योग्य आकडा लिहायचा. पान फाडायचे नाही की खोडरबर वापरायचा नाही. मिळालेली किंमत पुस्तकातल्या किमतीशी जुळत नसेल तरी ती तशीच नोंदवायची आणि तफावतीचे कारण अहवालात शोधायचे. जर्मन संशोधन परिषदेच्या आचारसंहितेनुसार संशोधनाचा मूळ डेटा साधारणपणे दहा वर्षे जपला जातो. तुम्ही निघून गेल्यावरही कोणीतरी ती वही उघडणार आहे, हे लक्षात ठेवून लिहिलेली वही आपोआप चांगली होते.

प्रयोगापूर्वी अनेक ठिकाणी छोटी तोंडी परीक्षा होते आणि तयारी नसेल तर त्या दिवशी प्रयोग करू दिला जात नाही. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्रुटी-विश्लेषण निघण्यापूर्वीच पक्के करावे. कोणताही मोजलेला आकडा अनिश्चिततेशिवाय स्वीकारला जात नाही आणि दोन-तीन मापनांतून काढलेल्या राशीची अनिश्चितता आंशिक अवकलनाने काढता यावी लागते. सोबत पायथन किंवा तत्सम भाषेत आलेख काढणे आणि वक्र बसवणे जमले पाहिजे. या दोन गोष्टींसाठी निघण्यापूर्वीचे दोन-तीन महिने दिलेत, तर पहिल्या सत्रात शेकडो तास वाचतील.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आधी सुरक्षेचे प्रशिक्षण घेऊन सही करावी लागते. सुरक्षा चष्मा बसल्या जागीही डोळ्यांवरच असावा लागतो, कोट सुती हवा, बूट बंद हवेत. वापरलेले द्रावक बेसिनमध्ये ओतायचे नसते. क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेनसारखे हॅलोजनयुक्त द्रावक एका डब्यात आणि ॲसिटोन, इथेनॉलसारखे हॅलोजनविरहित दुसऱ्यात जातात, कारण त्यांची पुढची विल्हेवाट वेगळ्या रीतीने लागते. कोणता डबा ते ठाऊक नसेल तर विचारावे. विचारणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे कोणी कमी लेखत नाही. न विचारता अंदाजाने काम करणारा मात्र गटाचा विश्वास गमावतो. आपल्याकडे वरिष्ठांना शंका विचारताना जो संकोच वाटतो, तो विमानतळावरच सोडून जावा असे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळकळीने सांगतो.

संस्थेची चावी मिळाली की वैयक्तिक दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई देणारा विमा, घ्यावा आणि तो हरवलेल्या चावीची भरपाई देतो का ते पाहून घ्यावा. एका चावीमुळे इमारतीची सर्व कुलपे बदलावी लागली, तर तो खर्च विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो.

अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी कार्यशाळेतला तंत्रज्ञ, भांडाराचा प्रमुख आणि घरमालक जर्मनच बोलतात. उपकरणाचा सुटा भाग बनवून घ्यायचा असेल तेव्हा ए-२ पातळीची, म्हणजे रोजच्या साध्या संभाषणापुरती, जर्मन फार उपयोगी पडते.

परीक्षा

वेळापत्रकात तासाच्या वेळेपुढे ‘सी.टी.’ असेल तर व्याख्यान पंधरा मिनिटांनी सुरू होते आणि ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. नागपूर विद्यापीठात परीक्षेचा अर्ज महाविद्यालय भरून घेते. जर्मनीत प्रत्येक विषयाच्या परीक्षेची नोंदणी विद्यार्थ्याने स्वतः, ठरलेल्या मुदतीत करायची असते. मुदत गेली की परीक्षेला बसता येत नाही आणि कोणी आठवणही करून देत नाही. तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव मागे घेता येते. अनेक ठिकाणी एका परीक्षेसाठी तीनच संधी मिळतात आणि अनिवार्य विषयातील शेवटची संधी गेली, तर प्रवेशच रद्द होतो. एम.एस्सी.च्या बऱ्याच परीक्षा प्राध्यापकासमोर फळ्याजवळ उभे राहून तोंडी द्यायच्या असतात, म्हणून समीकरणाची सिद्धता मोठ्याने बोलत मांडण्याचा सराव करावा.

हिवाळा आणि घर

डिसेंबरात उत्तर जर्मनीत सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजता मावळतो. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या शरीराला आणि मनाला हा बदल जाणवतोच. दुपारी जेवणानंतर अर्धा तास बाहेर चालावे, ड जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांशी बोलावे आणि उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जावे. ही सेवा विद्यार्थ्यांना बहुधा विनामूल्य असते. हिवाळ्यात घड्याळाचा फरक साडेचार तासांचा असतो. तिथे रात्री आठला मोकळे झालात तर नागपुरात साडेबारा वाजलेले असतात, म्हणून आईवडिलांशी बोलण्यासाठी तिथली दुपार किंवा रविवारची सकाळ ठरवून ठेवावी. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा भाजी-दूध शनिवारीच आणावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक सर्वत्र चालतो.

प्रबंधाची जागा

दुसऱ्या सत्राच्या मध्यावर गटांची नावे लिहून काढायला बसावे. विद्यापीठातील विभागांशिवाय मॅक्स प्लांक आणि हेल्महोल्ट्झ या विद्यापीठाबाहेरील संशोधन संस्थांतही विद्यापीठाच्या संमतीने प्रबंध करता येतो. आवडलेल्या गटात आधी लहान संशोधन प्रात्यक्षिक करावे. सहा ते आठ आठवड्यांत तिथले वातावरण कळते. प्राध्यापकांना लिहिताना त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध खरोखर वाचून त्यातल्या एका मुद्द्यावर प्रश्न विचारावा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर उत्तर येत नाही.

भेट ठरली की काही गोष्टी स्पष्टपणे विचाराव्यात. रोजचे मार्गदर्शन कोण करणार आणि ती व्यक्ती सहा महिने तिथेच असणार आहे का? लागणारे उपकरण गटाचे स्वतःचे आहे की दुसरीकडे वेळ मागावा लागतो? ते बंद पडले तर पर्यायी विषय आहे का? मागच्या विद्यार्थ्यांनी प्रबंध किती काळात सादर केले? गटातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशी प्राध्यापकांच्या अनुपस्थितीत बोलावे, कारण गट कसा चालतो हे तेच नीट सांगू शकतात. नामांकित प्राध्यापकाच्या गटात मार्गदर्शकच न मिळण्यापेक्षा, फारसे नाव नसलेल्या पण दर आठवड्याला तासभर बसणाऱ्या प्राध्यापकाकडे काम करणे मी केव्हाही अधिक श्रेयस्कर मानतो.

प्रबंधाची नोंदणी झाली की सादर करण्याची तारीख ठरते आणि ती सहसा हलत नाही. त्याच दिवशी निवास परवान्याची मुदत तपासावी आणि ती संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करावा. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी पदवी पूर्ण झाल्याचे पत्र आणि निर्वाहाच्या साधनांचा पुरावा लागतो. विद्यार्थी यादीतून नाव निघाले की विद्यार्थी दराचा विमा, वाहतुकीचे तिकीट आणि वसतिगृहातील खोली यांची मुदतही संपत येते. त्यामुळे शेवटचे सत्र संपण्याच्या दोन महिने आधी विमा कंपनी, वसतिगृह आणि परदेशी नागरिक कार्यालय या तिन्ही ठिकाणी लेखी चौकशी करून उत्तरे फाइलीत लावून ठेवावीत.